पोरं उठेपर्यंत

बीदर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मराठी शाळेला दोन खोल्या होत्या आणि पटांगणात एक लिंब होता. लिंब म्हणजे कडुलिंब. आमच्या भागात त्याला कडू म्हणण्याची गरज कुणाला वाटत नाही. एका खोलीच्या छताचा गिलावा मुलांच्या दप्तरांवर पडला, तेव्हा ती खोली धोकादायक ठरवून तिला कुलूप लावण्यात आले. कुलूप लावण्याचा आदेश लेखी होता. मुलांनी त्यानंतर कुठे बसावे, याविषयी त्या आदेशात एक अक्षरही नव्हते. तेव्हापासून तिसरी-चौथीचा वर्ग लिंबाखाली भरतो.

मी दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. कोणता कागद कोणत्या टेबलावर आणि का अडतो हे मला पक्के ठाऊक आहे; ते ठाऊक असल्यामुळेच माझा संताप इतरांपेक्षा अधिक आहे. गावाने मला शाळेच्या समितीवर घेतले ते माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. मी बाहेर राहून शाळेविरुद्ध पत्रे लिहिण्यापेक्षा आत राहून सरकारला लिहिलेली बरी, असा शहाणा विचार त्यामागे होता. तो विचार मला मान्य होता. छतासाठी मी लिहिलेल्या पत्रांच्या उत्तरादाखल एक परिपत्रक आले. प्रत्येक शाळेने ‘निसर्ग कोपरा’ उभारावा आणि त्याची छायाचित्रे पाठवावीत, असे त्यात म्हटले होते. सोबत साहित्याचा एक संच होता. त्यात सफरचंदाच्या झाडाचा तक्ता निघाला. खोड, फांदी, पान, सगळ्यांची नावे कानडीत. मराठी माध्यमाच्या मुलांना, ज्यांनी सफरचंदाचे झाड कधी पाहिले नाही, ते झाड कानडीतून शिकवण्याची ही व्यवस्था कोणत्या नियमाखाली बसते, अशी विचारणा मी केली. तिला उत्तर आले नाही.

वर्गाच्या बाई उदगीरकडच्या. त्यांनी तो तक्ता सुतळीने लिंबाच्या खोडाला बांधला आणि मुलांना सांगितले, “ह्यात जे जे लिहिलंय ते मागच्या झाडावर शोधा.” मी त्या दिवशी पाहणीसाठी गेलो होतो. मुलांनी खोड शोधले, फांदी शोधली, पान शोधले, आणि शेवटी एका मुलीने तक्रार केली की ह्या चित्राला मुंग्या नाहीत. बाईंनी लगेच तक्ता उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर मुलांकडून मुंग्या काढून घेतल्या.

त्यांचे सगळे शिकवणे त्या झाडावर चालायचे. गळालेल्या पानावर कागद ठेवून वरून रंगीत खडू घासायचा, की शिरा उमटतात. सुकलेल्या लिंबोळ्या डब्यात भरून ठेवलेल्या. त्यांचे दहा-दहाचे ढीग करून बेरीज. सकाळी सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवायचा, जेवणाच्या सुटीत दुसरा, शाळा सुटताना तिसरा, आणि सूर्य कुठून कुठे गेला ते खड्यांवरून सांगायचे. सरकारी संचातले साहित्य कपाटात होते, वर्गाचे साहित्य डोक्यावर होते. मी इतकी वर्षे कागदांत घालवली. एका झाडावर एवढा अभ्यासक्रम बसतो हे मला त्या बाईंनी दाखवले.

मग एके दिवशी नवी खोली मंजूर झाल्याचा निरोप आला. गावात आनंद झाला, मलाही झाला. खोली कुठे बांधणार, असे मी मुख्याध्यापकांना विचारले. ते म्हणाले, “साहेब ठरवतील. बीदरला नवीन इंजिनियर साहेब आलेत, म्हैसूरकडचे. फोनवर सगळं विचारून घेतलंय त्यांनी.” मी एवढ्यावर गप्प बसलो.

फाल्गुनातल्या त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे शाळेकडे गेलो, तेव्हा फाटकात खोदाईचे यंत्र उभे होते आणि त्याचा चालक जमिनीवर चुन्याची रेघ ओढत होता. रेघ लिंबाला आत घेऊन दोन्ही बाजूंनी पुढे गेली होती. झाड खोलीच्या बरोबर मधोमध येत होते.

“अप्पा, जरा बाजूला व्हा,” चालक म्हणाला. “आज पाया काढायचाय.”

“झाड कुणाच्या परवानगीने पाडणार?”

“परवानगी मशीनला लागत न्हाई अप्पा, डिझेल लागतंय.”

मी त्याला सांगितले की राज्यात वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय असे झाड पाडता येत नाही. तो शांतपणे ऐकत राहिला. मुडबीचा माणूस, वयाने पस्तिशीचा, कानाला मोबाईल अडकवलेला. “ते साहेबाला सांगा,” तो म्हणाला. “मला कामून सांगायलाव? मला सांगितलं, करायलोय.”

साहेबांचा फोन बंद होता. बीदरला बैठक होती. ठेकेदाराचा मुकादम फोनवर भेटला. तो म्हणाला, काम थांबवायचा अधिकार मला नाही, साहेब संध्याकाळकडे जागेवर येतील तेव्हा बोला. संध्याकाळपर्यंत तिथे बोलण्यासारखे काही उरले नसते.

यंत्रासमोर उभे राहावे, असा विचार माझ्याही मनात आला. परंतु सरकारी कामात अडथळा आणणे हा गुन्हा आहे, आणि दुसऱ्यांना आयुष्यभर कलमे दाखवणाऱ्या माणसाने ते कलम स्वतःपुरते विसरावे हे मला शक्य नव्हते. खिशात पेन होते, घरी कागद होता. पत्र लिहून ते बीदरला पोचेपर्यंत लिंब आडवा झालेला असणार, एवढे मला स्पष्ट दिसत होते. पत्राचा काही उपयोग नाही असा दिवस माझ्यावर पूर्वी आला नव्हता.

बाई गोणपाटांची गुंडाळी काखेत घेऊन बाहेर आल्या. त्यांनी रेघ पाहिली, माझ्याकडे पाहिले. “काका, वर्ग भरायची वेळ झाली. पोरं बसवू का?”

“कुठे?”

“कुठं म्हंजे? रोज बसतात तिथं.”

मुले येऊन रेघेच्या आत बसली. चालकाने यंत्र बंद केले आणि खाली उतरून पायरीवर बसला. “पोरं बसल्यावर मी फावडं बी हलवत न्हाई,” तो म्हणाला. “माझी बी लेकरं शाळेत हाईत. पर पोरं उठली की मी लागतो. मग मला बोल लावू नका.”

न्यायालयात ज्याला स्थगिती म्हणतात ती आम्हाला अशी मिळाली. तोंडी, विनाशुल्क, आणि वर्ग उठेपर्यंतच वैध.

आता मुख्याध्यापकांना गाठणे आवश्यक होते. ते प्रशिक्षणासाठी भालकीला गेले होते. फोन लागला. मी त्यांना एकेक प्रश्न सावकाश विचारला.

“सर, जागेवर झाड आहे हे तुम्ही साहेबांना सांगितलं होतं का?”

“सांगितलं की. लिंब हाय म्हटलं.”

“मराठीत?”

“न्हाई, त्यांना मराठी कुठं येतंय? कानडीत सांगितलं.”

“कानडीत नेमका शब्द कोणता वापरलात?”

“काय की बुवा. ‘नम्म साल्याग वंदु लिंबी गिडा अद’ म्हटलं. आमच्या शाळेत एक लिंबाचं झाड हाय म्हणून.”

“सर, कानडीत लिंबी म्हणजे लिंबू.”

मग ते हळूच म्हणाले, “आन आपला लिंब म्हंजे बेवु. व्हय की. बेवु म्हणायचं होतं.”

आमच्याकडे माणसे दोन भाषा बोलतात आणि बहुतेक वेळा कोणत्या भाषेत बोलतो आहोत याची नोंद ठेवत नाहीत. कानडीत एखादा शब्द आठवला नाही की मराठी शब्दाला कानडी शेपूट लावायचे. समोरचा इथलाच असतो, त्याला कळते. म्हैसूरकडच्या अभियंत्याला मात्र जे ऐकू आले तेच कळले. तिकडे गिडा म्हणजे झुडूप, तेव्हा जागेवर लिंबू लागणारे एक झुडूप आहे. झुडूप काढायला कसली परवानगी आणि कसला वृक्ष अधिकारी?

चालक सगळे ऐकत होता. तो म्हणाला, “मला बी लिंबीचं गिड काढ म्हणूनच सांगितलं होतं. आल्यावर बघितलं तर एवढा बेवु. म्हटलं, साहेबाला झाडातलं कळत नसंल.”

“मग त्यांना विचारायचं नाही?”

“साहेबाला झाडाचं नाव शिकवू व्हय मी, अप्पा?”

तेव्हापासून सगळे काम बाईंच्या हातात गेले. मुले उठली नाहीत तर झाड उभे राहणार, एवढी साधी गोष्ट होती. परंतु आठ-नऊ वर्षांच्या मुलांना दिवसभर एका जागी बसवणे म्हणजे काय, हे वर्गाबाहेरच्या माणसाला समजत नाही. बाईंनी आधी पानांचे ठसे घेतले. फाल्गुनात लिंब पिवळा होऊन गळतो, पाने खाली हवी तेवढी होती. मग लिंबोळ्यांचे ढीग झाले, ढिगांवरून पाढे झाले. मग डोळे मिटून ओळखण्याचा खेळ: एकाने दुसऱ्याच्या हातात साल, काडी, खडा द्यायचा आणि दुसऱ्याने सांगायचे. दुपारचे जेवण बाईंनी दोन पंगतींत केले. अर्धी मुले ताटे घेऊन ओट्यावर गेली तेव्हा अर्धी झाडाखाली होती, आणि ती परत येऊन बसल्यावरच उरलेली उठली. लघवीला जायलाही त्यांनी एकेकालाच सोडले. हे सर्व त्यांनी मुलांना कारण न सांगता केले. मुले घाबरतील, असे त्या मला बाजूला येऊन म्हणाल्या.

साहेबांचा फोन अजून बंद होता. मी दर थोड्या वेळाने लावत होतो.

दुपार कलल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. “काका, माझ्याकडचं संपलं. आता एक तास तुम्ही घ्या.”

“मी? मला शिकवता येत नाही.”

“तुम्हाला काय येतं ते घ्या.”

मला पंचनामा येत होता. जन्मभर मी पंचनामे वाचले होते, त्यातले खोटे ओळखले होते. तेव्हा मुलांसमोर उभा राहून मी सांगितले की आज आपण ह्या झाडाचा पंचनामा करू. पंच म्हणजे पाहणारे. जे दिसते तेवढेच बोलायचे.

“झाड कसं आहे?”

“चांगलं हाय,” सगळे एकदम म्हणाले.

“चांगलं हे तुमचं मत झालं. मत नको. काय दिसतं?”

“खोडाला डिंक आलाय.”

“बरोबर. पुढे?”

“मुंग्या वर जायल्यात. डिंक खायला.”

“खाताना पाहिल्यास?”

“न्हाई.”

“मग एवढंच म्हण, की वर जायल्यात.”

मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “खाली बी यायल्यात की. वरच्याच कामून लिहायच्या?” मी दुरुस्ती मान्य केली. एका मुलीने वरच्या फांद्यांना तांबडी कोवळी पाने फुटल्याचे सांगितले. ती पाने माझ्या नजरेतून सुटली होती. मग त्याच मुलीने विचारले, “सावली लिहायची का? ती झाडाची हाय का जमिनीची?”

पायरीवरून चालक म्हणाला, “सरकारी जमिनीवर पडली म्हंजे सरकारचीच की.” मुले हसली. मी हसलो नाही. मी फाटकाकडे पाहत होतो.

शाळा सुटण्याची घंटा झाली आणि माझी खरी अडचण सुरू झाली. मुलांना घंटेनंतर, पालकांच्या संमतीवाचून, शाळेत थांबवून ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. समितीच्या सभासदाला तर मुळीच नाही. मी स्वतः अशा प्रकरणी एका शाळेविरुद्ध तक्रार लिहिली आहे. मुले दप्तरे भरू लागली. चालक उठून उभा राहिला, त्याने हात झटकले, आणि माझ्याकडे न पाहता यंत्राकडे गेला.

मी बाईंना म्हणालो, “मुलांना सोडा. कायद्याने थांबवता येत नाही.”

बाईंनी माझ्याकडे असे पाहिले की ती नजर मी अजून विसरलेलो नाही. मग त्या फाटकाशी गेल्या. मुलांना न्यायला आलेल्या बाया तिथे उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एकीला, जिला सगळे अक्का म्हणतात, त्यांनी दोन वाक्यांत काय ते सांगितले. अक्का आत आली, तिने लिंबाकडे पाहिले, चुन्याच्या रेघेकडे पाहिले आणि चालकाला कानडीत विचारले, “का रे, दुसरीकडं जागा दिसली न्हाई व्हय तुला?” आणि पदर सावरून मुलाच्या गोणपाटावर बसली. तिच्या मागे दुसरी बसली.

“हे काय मावशी,” चालक म्हणाला, “शाळा सुटली की.”

“आमची भरायलीय,” अक्का म्हणाली. “आमी कवा शिकणार मग?”

चालकाने कपाळाला हात लावला आणि परत पायरीवर येऊन बसला. पालकांनी स्वतःच्या मुलांसह शाळेच्या आवारात बसणे हे कोणत्याही कलमाविरुद्ध नाही, हे मी मनात दोनदा तपासून पाहिले.

साहेबांची जीप आली तेव्हा ऊन पिवळे झाले होते. तरुण माणूस, दिवसभराच्या बैठकीने थकलेला. फाटकातूनच तो वर पाहू लागला आणि पाहतच आत आला. आमचे बोलणे कानडीत झाले.

“हा बेवु आहे,” तो म्हणाला.

“होय.”

“मला लिंबी सांगितली होती.”

“होय. आमच्या मराठीत ह्यालाच लिंब म्हणतात.”

त्याने चालकाला यंत्र बाहेर काढायला सांगितले. बायांनी मुले उठवली. माझ्याजवळ एक लांबलचक निवेदन तोंडपाठ तयार होते, कायद्याच्या कलमांसकट. त्यातला एक शब्दही उच्चारण्याची वेळ आली नाही. मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पण तो माझ्याकडे वळला आणि त्याने अगदी साधेपणाने विचारले, “मग खोली नको का तुम्हाला?”

त्याने समजावून सांगितले ते असे. आराखड्याप्रमाणे खोली ह्याच जागी बसते. दुसरी जागा म्हणजे कुलूप लावलेली खोली. परंतु ती पाडायची तर दुसऱ्या कार्यालयाची स्वतंत्र मंजुरी लागते, आणि ती मार्चअखेर येणे नाही. मार्च संपला की निधी परत जातो. म्हणून आता तो नियमाप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करणार. पाहणी होईल. परवानगी मिळाली तर झाड पडेल, खोली होईल. नाही मिळाली तर झाड राहील, खोली जाईल. “तुमचंही म्हणणं तेच असेल ना, नियमाने करा,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

तो गेल्यावर बाई गोणपाटे गुंडाळत होत्या. मी त्यांना सगळे सांगितले.

“काका, पावसाळ्यात लिंबातनं पाणी गळतं,” त्या म्हणाल्या. “पुस्तकं भिजतात. मग दोन्ही वर्ग एका खोलीत कोंबते मी. मला झाड बी पायजे आन खोली बी पायजे. तुमच्या कायद्यात असं मागता येतं का?”

“मागता येतं,” मी म्हणालो. “मिळत नाही.”

तरी मी मागितले. धोकादायक खोली तातडीने पाडून त्याच जागी नवी बांधावी, अशी पत्रे मी दोन्ही कार्यालयांना पाठवली, पोचपावतीसह, आणि एकमेकांच्या प्रती एकमेकांना. एका कार्यालयाने विषय दुसऱ्याचा असल्याचे कळवले. दुसऱ्याने अद्याप काही कळवलेले नाही. मार्च निम्मा संपला आहे. लिंबाला आता मोहोर आला आहे, आणि मुले कागदावर गळालेली फुले चिकटवून पाकळ्या मोजतात.

काल निरोप आला की वृक्ष अधिकाऱ्यांचा माणूस ह्या आठवड्यात पाहणीला येईल आणि झाडाचा वापर कसा होतो हे मुलांनाही विचारील. बाई मला विचारायला आल्या, मुलांनी काय सांगायचे. मी म्हणालो, पंचनाम्यात सांगितले तसे. दिसते तेवढेच.

“आन त्यांनी विचारलं, खोली पायजे का, तर?”

मुले हो म्हणतील. एका सुरात, मोठ्याने, सर्वच्या सर्व. ते खरे असेल. आणि तो माणूस ते कागदावर लिहून घेईल, कारण लिहून घेणे हेच त्याचे काम आहे. आणि ती ओळ त्या कागदावर झाडाच्या विरुद्ध उभी राहील. त्यावर हरकत घ्यायला मला जागा राहणार नाही. साक्षीदाराला पढवू नये, हे मी इतकी वर्षे इतरांना बजावत आलो.

“मुलांना काही शिकवून ठेवू नका,” मी बाईंना म्हणालो.

“काहीच न्हाई?”

“काहीच नाही.”

त्यांनी मान हलवली आणि वर्गाकडे गेल्या. मी घरी निघालो. वाटेत दोन ठिकाणी थांबलो, आणि दोन्ही वेळा परत जाऊन त्यांना दुसरे काहीतरी सांगावे असे मला वाटले.